डेन्मार्कच्या राजाने पिवळा तारा लावला होता का?

नाझींनी डेन्मार्कमधील ज्यूंना ओळखीची खूण म्हणून कपड्यांवर पिवळा तारा लावण्याचे फर्मान काढताच राजाने स्वतःच तो छातीवर लावला आणि सगळ्या प्रजेने त्याचे अनुकरण केले, अशी कथा अनेक वर्षे फिरते आहे. ती खरी वाटणे स्वाभाविक आहे, कारण तिच्या मुळाशी असलेले धैर्य खरे होते; तपशील मात्र तसा नाही. एप्रिल १९४० पासून देश जर्मनांच्या ताब्यात असला, तरी तेथे असा हुकूम कधी निघालाच नाही, त्यामुळे तो झुगारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पडताळणीही सोपी आहे: अॅमस्टरडॅम किंवा पॅरिसच्या त्या काळातील छायाचित्रांत ज्यूंच्या कपड्यांवर तारे दिसतात, कोपनहेगनच्या छायाचित्रांत दिसत नाहीत.

खरे धैर्य दिसले ते राजवाड्याबाहेर. सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस धरपकडीची कुणकुण लागताच शेजाऱ्यांनी, डॉक्टरांनी आणि पाद्र्यांनी ज्यू कुटुंबांना घरांत, इस्पितळांत, चर्चच्या माळ्यांवर लपवले, आणि ७,०००हून अधिक लोक मासेमारीच्या होड्यांतून सामुद्रधुनीपलीकडील तटस्थ स्वीडनमध्ये पोहोचले. काही होडीवाल्यांनी त्यासाठी भरमसाट भाडे घेतले, हेही नोंदवायला हवे. सुमारे ४७० जण मात्र पकडले जाऊन टेरेझिनच्या नाझी बंदिछावणीत गेले. त्यांतील कित्येक गिलेलाय या कोळ्यांच्या गावातील चर्चच्या माळ्यावर सापडले होते.