कारल्याशेजारी काकडी कडू होते का?

फेब्रुवारी-मार्चमध्ये उन्हाळी वेलवर्गीय भाज्यांची लागवड सुरू झाली की एक मेसेज हमखास फिरतो: कारल्याशेजारी काकडी लावू नका, कडू होईल.

तसं होत नाही. काकडी आणि कारलं एकाच कुळातली, पण प्रजाती वेगळ्या. त्यांचा संकर होत नाही. शिवाय आपण खातो तो गर मादी फुलाच्या बीजांडकोशापासून, म्हणजे वेलाच्याच अंगाचा. पराग कुठलाही येवो, परिणाम फक्त बियांत, म्हणजे पुढच्या पिढीत उतरतो.

मग कडूपणा येतो कुठून? कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यातून. काही वाणांत ते मुळातच जास्त असतं. कडक ऊन आणि पाण्याची ओढ, किंवा पाणी देण्याच्या पाळ्या अनियमित झाल्या, की वाढतं. दोन्ही वेल एकाच मांडवावर आणि ऊनही तेव्हाच तापलेलं, त्यामुळे संशय कारल्यावर जाणं स्वाभाविक आहे.

पडताळा घरीच घेता येतो. एकाच बियाण्याचे वेल कारल्याजवळ आणि लांब लावा, पाणी सारखं द्या. दोन्हीकडच्या काकड्या देठाकडून चाखा, कडूपणा तिथेच जास्त असतो. फारच कडू लागली तर मात्र थुंकून टाका. असं फळ पोट बिघडवतं.