मैल गेले, दगड राहिला

नागपूरकराला मैलाचा दगड दाखवायला फार लांब जावं लागत नाही. विधानभवनाजवळ झिरो माइल उभाच आहे: वालुकाश्माचा खांब आणि सोबतीला चार घोडे. त्यावर इंग्रजीत गावं आणि अंतरं कोरलेली आहेत. हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७०, शिवनी ७९. चंद्रपूर मात्र शोधू नका, तिथे अजून ‘चांदा’च आहे.

१९०७ सालचा हा दगड आपण पाहुण्यांना ‘देशाचा मध्य’ म्हणून कौतुकाने दाखवतो. सर्वेक्षण खात्याच्या लेखी तो मुळात उंचीची खूण आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १०२० फूट. ज्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा तो वारसा, ते १८०२ मध्ये मद्रासेत विल्यम लॅम्ब्टनने सुरू केलं. वीस वर्षं देश मोजत तो वर सरकला आणि हैदराबादहून नागपूरला येताना १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. नागपूर काही त्याला गाठता आलं नाही.

‘मैल’ हा शब्द मुळात रोमन सैनिकांच्या चालीतला. लॅटिनमध्ये ‘मिले पासुस’ म्हणजे हजार पावलं; पण त्यांचं एक पाऊल म्हणजे आपली दोन, डावा पाय उचलल्यापासून पुन्हा डावाच टेकेपर्यंत. हे अंतर साधारण १,४८० मीटर भरायचं. इंग्रजांनी १५९३ मध्ये मैल ५,२८० फुटांचा ठरवला आणि तोच आपल्याकडे आला. त्याआधी आपला हिशेब कोसांचा होता. मुघलांचे कोसमिनार उत्तरेत अजून दिसतात, आणि भाषा आजही बारा कोसांवरच बदलते.

१९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापं आली, रस्त्याकडेच्या दगडांवर किलोमीटर आले. राष्ट्रीय महामार्गावर पिवळ्या डोक्याचे, राज्य महामार्गावर हिरव्या. पण ‘किलोमीटरचा दगड ठरलेला निर्णय’ कुणी लिहिलेला नाही. एखादं पुस्तक, खटला, सामना ‘मैलाचा दगड ठरतो’, इथवर ठीक. ‘मैलाचा दगड गाठला’ हेही चालेल, प्रवासी गाठतोच. ‘रचला’ मात्र कानाला खटकतं. दगड रोवतात, रचतात ती भिंत.

हल्ली ऑफिसात सरळ ‘माइलस्टोन’ म्हणतात, अर्थ टप्पा. कंत्राटदाराने ‘माइलस्टोन झाला’ म्हटलं, की बिल येतंय असं समजावं.