पाण्याच्या वरच्या दोन बोटांतला मासा

सकाळी ऊन तिरपं असताना ओढ्याच्या काठावर उभं राहा. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. घोटाभर पाण्यात, जिथे गवताची पाती वाकलेली असतात, तिथे पृष्ठभागालगत चांदीचा ठिपका दिसला तर तो माशाच्या डोक्यावरचा. हा पट्टेरी पॅनचॅक्स, किलीफिश या छोट्या माशांच्या गटातला, पश्चिम घाटातला आपला मासा. शास्त्रीय नाव ॲप्लोकायलस लिनिएटस. शास्त्रात त्याची नोंद झाली १८४६ मध्ये, मुंबईच्या नमुन्यांवरून. ('किली'चा इंग्रजीतल्या 'किल'शी, म्हणजे मारण्याशी, संबंध नाही, डच भाषेत 'किल' म्हणजे ओढा.)

लांबी जास्तीत जास्त १० सेंटिमीटर. डोकं वरून चपटं, तोंड आकाशाकडे, पाठीवरचा पर पार शेपटीजवळ. ही सगळी ठेवण पृष्ठभागावर जगण्यासाठी: पडलेला किडा, डासाची अळी वरच्या वर टिपायची आणि पाण्यातला प्राणवायू कमी झाला की हवेला लागून असलेल्या पातळ थरातलं पाणी कल्ल्यांतून घ्यायचं. मादीच्या अंगावर उभे काळे पट्टे ठळक. नराच्या अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या रांगा.

म्हणूनच त्याला नदीपेक्षा काठ महत्त्वाचा. मादी रोज थोडी थोडी, चिकट धाग्यांची अंडी पाणवनस्पतींना चिकटवते. साधारण दोन आठवड्यांत पिलं निघतात. आफ्रिकेतल्या काही किलीफिशची अंडी सुक्या चिखलात तग धरतात, याची तशी नाहीत. काठाला सिमेंटची भिंत आली की पाणी एकदम खोल होतं, गवत जातं आणि अंडी चिकटवायला जागा उरत नाही. उलट टोकही वाईटच: पुण्याकडच्या मुळा-पवना नद्यांत उन्हाळ्यात जलपर्णी काठापासून काठापर्यंत माजते, तेव्हा उघडा पृष्ठभागच राहत नाही.

डास मारायला म्हणून गप्पी किंवा गॅम्बुशिया मासे ओढ्यात सोडणं तर दुहेरी चूक. दोन्ही परदेशी, दोन्ही थेट पिलं देणारे, त्यामुळे झपाट्याने वाढतात. शिवाय गॅम्बुशिया इतरांचे पर कुरतडतो, अंडी-पिलं खातो. ओळखायची खूण तीच: डोक्यावर ठिपका नाही, तर तो पॅनचॅक्स नाही.

टाकीत पाळायचा तर आधी झाकण. फटीतूनही उडी मारतो. तोंडात मावेल तो मासा गिळतो, तेव्हा छोटे सोबती नकोत. अंड्यांसाठी हिरव्या लोकरीचा वीतभर झुबका बुचाला बांधून तरंगत ठेवा आणि आठवड्याने अंड्यांसकट दुसऱ्या भांड्यात हलवा, नाहीतर आईबापच पिलं खातात. पिलं सारख्या वेगाने वाढत नाहीत. मोठी-लहान वेगळी केली नाहीत, तर मोठी लहानांना खातात.