सहाचे बारा केल्यावर स्टार्टरच्या पोटात काय घडतं?

जुन्या ट्रॅक्टरची सहा व्होल्टची यंत्रणा बारा व्होल्टवर नेली की करंट निम्मा होतो, वायरी गार राहतात, शिवाय सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, म्हणजेच स्टार्टर) दणक्यात लागतो, असं ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. स्टार्टर तोच, त्याला करंट निम्मा, आणि तरी तो जास्त जोरात फिरणार? या हिशेबात काहीतरी गडबड आहे, आणि ती सोडवताना मला फार मजा येते.

आधी सहाच का, ते पाहू. शिसे-आम्ल बॅटरीचा एक सेल साधारण 2.1 व्होल्ट देतो. तीन सेल जोडले की सहाची बॅटरी, सहा जोडले की बाराची. फोर्डचा 8एन हा 1947 ते 1952 या काळात बनलेला ट्रॅक्टर सहा व्होल्टचा, आणि त्याचं धन टोक बॉडीला जोडलेलं. नवं असताना सगळं छान चालायचं. पण टर्मिनलवर गंज चढला आणि तिथला रोध 0.005 ओहम जरी झाला, तरी 200 अँपिअर वाहताना एक अख्खा व्होल्ट तिथेच खर्च होतो. सहातला एक गेला तर स्टार्टर रडतो. बारातला एक गेला तर कळतही नाही.

बल्बच्या बाबतीत ‘करंट निम्मा’ हे खरं आहे. 36 वॅटचा बल्ब सहावर 6 अँपिअर घेतो, तेवढ्याच वॅटचा बाराचा बल्ब 3. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती चौथ्या हिश्श्यावर येते. पण इथे आपण बल्बच बदलला! स्टार्टर बहुतेक जण जुनाच ठेवतात.

आता माझा आवडता भाग. मोटर फिरू लागली की तीच जनित्रासारखी वागते आणि बॅटरीच्या उलट दिशेने व्होल्टेज निर्माण करते. याला विरोधी व्होल्टेज म्हणू. बॅटरी, केबल आणि मोटर मिळून रोध 0.015 ओहम धरू. बटण दाबलं त्या क्षणी मोटर स्थिर, विरोध शून्य. सहावर 400 अँपिअर, बारावर थेट 800. (प्रत्यक्षात बॅटरी दबते, आकडे खाली येतात.) जुन्या स्टार्टरच्या मोटरमध्ये दोन्ही गुंडाळ्या एकामागोमाग जोडलेल्या असतात, म्हणून करंट दुप्पट झाला की पीळ (फिरवण्याचा जोर) चौपटीकडे झेपावतो. लोखंडाचं चुंबकत्व संपृक्त झाल्यामुळे पूर्ण चौपट होत नाही, पण पिनियन (स्टार्टरचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, दात्यांवर आदळतो तो याच जोराने. दाते झिजलेले असतील तर इथेच तुटतात.

मग इंजिन फिरू लागतं. ते फिरवायला लागणारा पीळ इंजिन ठरवतं, बॅटरी नव्हे. तेवढ्या पिळासाठी 200 अँपिअर लागत असतील तर ते सहावरही 200 आणि बारावरही 200. म्हणजे करंट निम्माही नाही, दुप्पटही नाही, जवळपास तेवढाच! रोधात 3 व्होल्ट जातात. सहातले उरले 3, बारातले 9. हे उरलेले व्होल्ट म्हणजेच विरोधी व्होल्टेज, आणि करंट तोच असताना ते वेगाच्या प्रमाणात असतं. व्होल्टेज दुप्पट केलं आणि वेग तिप्पट! खरं इंजिन वेगासोबत जास्त प्रतिकार करतं, त्यामुळे पूर्ण तिप्पट मिळत नाही, पण ‘दणक्यात’ का, याचं उत्तर यात आहे.

याचा अर्थ ट्रॅक्टरची ओढ वाढली, असा मात्र नाही. ताकद जळणाऱ्या इंधनातून येते, ठिणगीचं काम काडी ओढण्यापुरतं. बारा व्होल्टने नांगर हलका होतो म्हणणारे आणि इंधनाच्या नळीला चुंबक बांधून बचत सांगणारे एकाच पंथाचे.

ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणाऱ्या इग्निशन कॉइलला मात्र जपायला हवं. सहाची कॉइल 1.5 ओहमची असेल तर ती 4 अँपिअर घेते. बारावर 8 घेईल, कॉइल तापेल आणि पॉइंट (तिचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) काळे पडतील. म्हणून बाराची कॉइल घ्यावी, नाहीतर तेवढ्याच ओहमचा रोधक तिच्याशी मालिकेत जोडावा.

डायनामोच्या जागी सहसा अल्टरनेटर येतो आणि त्याला बॉडीवर ऋण टोक लागतं. बॅटरी उलटी जोडली तर त्यातले डायोड क्षणात जळतात. म्हणजे जुन्या धन-अर्थच्या ट्रॅक्टरची ध्रुवताही बदलावी लागते. मग स्टार्टर उलटा फिरेल का? नाही फिरणार. त्यात आर्मेचर (फिरणारी) आणि फील्ड (स्थिर) या दोन्ही गुंडाळ्या एकाच मालिकेत असतात. दिशा बदलली की दोघींतला करंट एकदमच उलटतो, आणि ऋण गुणिले ऋण धन. अँपिअरमीटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली की काम झालं. स्टार्टर बदलून कायम चुंबकाचा बसवलेला असेल तर मात्र चुंबक काही आपली बाजू बदलत नाही, आणि तो स्टार्टर खरोखरच उलटा फिरतो.