रॅम बसली म्हणजे जुळली असं नाही

लग्नसराई आणि निवडणुका एकाच महिन्यात आल्या की कोल्हापुरातल्या डिझायनरच्या दुकानात रात्री बारालाही लाइट चालू असतो. एकीकडे लग्नाच्या करिश्मा अल्बमची पानं, दुसरीकडे कुणा दादांच्या वाढदिवसाचा वीस बाय दहाचा फ्लेक्स, तिसरीकडे जोतिबाच्या यात्रेत ड्रोननं टिपलेला गुलाल. अशात मशीन हँग होतं आणि सल्ला तयार असतो: "भावा, चौसष्ट जीबी रॅम टाक, विषय हार्ड!" रॅम म्हणजे चालू काम मांडून ठेवायची मशीनची तात्पुरती मेमरी, त्यामुळे सल्ला बऱ्याचदा बरोबरही असतो. पण रॅम किती हवी आणि कोणती हवी, हे दोन्ही प्रश्न काउंटरवर चहा येईपर्यंत उरकले जातात. त्यातला दुसरा जास्त नडतो.

पहिल्या प्रश्नाला साधा हिशेब पुरतो. वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) केला, तर १७,२८० गुणिले ८,६४०, म्हणजे जवळपास १५ कोटी पिक्सेल होतात. छपाईच्या चार रंगांना प्रत्येकी एक बाइट धरला, तर पूर्ण भरलेला एक लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, सुमारे ६०० एमबीचा. साहेब, युवा नेते, शुभेच्छुकांची रांग आणि मागची सोनेरी प्रभावळ असे लेयर चढत गेले की १६ जीबी कधी संपली ते कळतही नाही. तीच फाइल कुणी हौसेनं ३०० डीपीआयला उघडली, तर पिक्सेल सतरा पटींहून जास्त होतात आणि एकटा लेयर १० जीबीच्या पुढे जातो. तीस फुटांवरून बघायच्या फ्लेक्सला ३०० डीपीआय ही निव्वळ उधळपट्टी आहे. तिथं रॅम घेण्याआधी डीपीआय उतरवा, फुकटात काम होईल.

व्हिडिओत अशी पळवाट नाही. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात उभी राहिली, तेव्हा एडिटर फ्रेम बोटांत धरून उजेडासमोर बघत असे. आज फोर-के फ्रेम म्हणजे ३,८४० गुणिले २,१६० पिक्सेल. रंगांचे तीन आणि पारदर्शकतेचा एक असे चार बाइट धरले, तर एक फ्रेम ३३ एमबीची. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे साधारण ८३० एमबी आणि मिनिटाला ५० जीबी. कार्डावर हाच व्हिडिओ छोटा दिसतो, कारण तिथं तो दाबून ठेवलेला असतो. आफ्टर इफेक्ट्ससारखं सॉफ्टवेअर प्रीव्ह्यू दाखवताना प्रत्येक फ्रेम उलगडून रॅममध्ये मांडतं. ३२ जीबीच्या मशीनवर विंडोज आणि बाकीची सॉफ्टवेअरं आपापला वाटा घेऊन बसलेली असतात, त्यामुळे अर्ध्या मिनिटातच जागा संपते. रंगखोली ८ बिटांवरून १६ केली, तर त्याच्याही निम्म्यात.

खरेदीआधी एक गोष्ट मात्र बघाच. नेहमीचं सगळ्यांत जड काम चालू असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आलेख उघडा. तो पार वर टेकलेला असेल, तर उरलेला डेटा एसएसडीवर, म्हणजे फाइली कायमच्या साठवणाऱ्या डिस्कवर, ढकलला जातोय. रॅममधून माहिती मिळायला १०० नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात आणि एसएसडीला त्याच्या कित्येक शेपट. हँग होतं ते इथं. आलेख निम्म्यावरच असेल आणि तरीही रेंडर (शेवटची फाइल तयार होणं) रेंगाळत असेल, तर दोष प्रोसेसरचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा. चौसष्टची एकशे अठ्ठावीस केली तरी काही फरक पडणार नाही.

आता कोणती रॅम, ते. इथं थोडं आत शिरायला हवं.

१९६६ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यावर एक बिट साठवण्याची कल्पना सुचली. १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि आजही रॅम त्याच रचनेवर चालते. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर १, नसेल तर ०. अडचण एवढीच की हा भार गळतो. म्हणून प्रत्येक कप्पा ठरावीक वेळेत वाचून पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ या आधीच्या पिढीच्या रॅममध्ये ही मुदत ६४ मिलिसेकंद, तिच्या पुढच्या डीडीआर५ मध्ये ३२. चिपचं तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की गळती वाढते आणि मुदत निम्म्यावर येते. ६४ जीबी म्हणजे असे ५५ हजार कोटी कप्पे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या दुकानात बंद कॅबिनेट चालवणाऱ्यांनी एखादा पंखा रॅमच्या बाजूलाही लावावा तो याचसाठी.

कप्प्यांची संख्या वाढवणं चिप बनवणाऱ्यांना जमलंय. खरी कसोटी लागते ती कप्प्यातला डेटा प्रोसेसरपर्यंत वेळेत पोचवताना. डीडीआर५ ची ६००० वेगाची रॅम घ्या. एका तारेवरून सेकंदाला ६०० कोटी बिट जातात, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला १६७ पिकोसेकंद येतात. तेवढ्यात मदरबोर्डावरचा सिग्नल जेमतेम अडीच सेंटिमीटर सरकतो. रॅम बसते तो स्लॉट प्रोसेसरपासून त्याहून लांब असतो, म्हणजे एक बिट मुक्कामाला पोचण्याआधी पुढचे वाटेला लागलेले असतात. म्हणून नवी रॅम टाकल्यावर मशीन आधी कोणत्या तारेला किती उशीर लागतो ते मोजून घेतं. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. रॅम जास्त असेल, तर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. घाबरून बटण दाबून ठेवू नका.

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते पुढच्या गोष्टीत. साध्या डेस्कटॉपला रॅमचे दोन चॅनल, म्हणजे प्रोसेसरकडे जाणारे दोन रस्ते, असतात आणि स्लॉट चार. म्हणजे एकाच चॅनलच्या तारांवर दोन-दोन स्लॉट. दोन्हींत स्टिक, म्हणजे रॅमच्या पट्ट्या, असल्या की सिग्नलचा काही भाग एकीवरून परततो आणि दुसरीच्या सिग्नलमध्ये मिसळतो. अरुंद बोळात हाक मारली की आपलाच आवाज भिंतीवरून परत येऊन पुढचा शब्द खातो, तसं. हळू बोललं तरच कळतं, आणि प्रोसेसरही तेच करतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचा अधिकृत आकडा बघा: दोन स्टिक असतील तर वेग ५२००, चार असतील तर ३६००. सेकंदाला ८३ जीबी जाण्याची सोय होती, ती ५८ वर आली. दोन सोळाच्या स्टिक आहेतच, आणखी दोन टाकू, या हिशेबात ही घट कुणी धरत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ६४ जीबी हवी असेल तर बत्तीसच्या दोन घ्या, ९६ हवी असेल तर अठ्ठेचाळीसच्या दोन. चौसष्टच्या स्टिकही आता साध्या डेस्कटॉपसाठी निघाल्यात. दोन्ही स्टिक एकाच किटमधल्या असाव्यात. एकाच मॉडेल नंबरच्या दोन पाकिटांत वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिप निघू शकतात. किट मात्र एकत्र तपासून विकलेलं असतं. बहुतेक बोर्डांवर ही जोडी प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायची असते. शेजारी-शेजारी बसवली तर बऱ्याच बोर्डांवर दोन्ही स्टिक एकाच चॅनलवर येतात आणि निम्मा रस्ता रिकामा राहतो. जुन्या बोर्डाला अठ्ठेचाळीस किंवा चौसष्टची स्टिक ओळखायला बायॉस (मशीन सुरू होताना चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट लागू शकतो. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तपासलेल्या रॅमची यादी असते. दुकानदार काहीही सांगो, पैसे देण्याआधी मोबाइलवर ती यादी उघडा. आणि विंडोजची होम आवृत्ती १२८ जीबीच्या वरची रॅम वापरतच नाही, हेही लक्षात असू द्या.

पाकिटावरचा ६००० आकडा आपोआप मिळत नाही. स्टिकवरच्या एका छोट्या चिपमध्ये तिचं वेळापत्रक लिहिलेलं असतं आणि मशीन त्यातलं सुरक्षित, कमी वेगाचं पान उचलतं. वरचा वेग हवा तर बायॉसमध्ये इंटेलसाठी एक्सएमपी, एएमडीसाठी एक्स्पो चालू करावं लागतं. ते एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. रात्रभर रेंडर लावणाऱ्याला मी एक पायरी खालचा वेग सुचवीन. पहाटे तीनला आलेली ब्लू स्क्रीन (विंडोज कोलमडल्याची निळी स्क्रीन) वाचवलेल्या मिनिटांपेक्षा महाग पडते.

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची बसणारच नाही. खरा चकवा सेकंडहँड बाजारात आहे. सर्व्हरमधून निघालेली डीडीआर४ रॅम स्वस्त मिळते आणि साध्या बोर्डात छान बसतेही, पण मशीन चालू होत नाही. तिच्यावर सिग्नल सांभाळणारी वेगळी रजिस्टर चिप असते आणि साध्या प्रोसेसरला तिच्याशी बोलता येत नाही. लेबल वाचा: वेगाच्या आकड्यानंतरच्या कोडमध्ये इंग्रजी 'यू' असेल तर साधी, 'आर' असेल तर सर्व्हरची. उलट कुणी एचपीचं जुनं झेड४४० वर्कस्टेशन घेतलं असेल, तर त्याला ही 'आर'वालीच लागते. दोन्हींची सरमिसळ कुठंच चालत नाही.

ईसीसी, म्हणजे बिट चुकून उलटला तर दुरुस्त करणारी रॅम, फ्लेक्स आणि अल्बमच्या कामाला गरजेची वाटत नाही. डीडीआर५ च्या प्रत्येक चिपमध्ये आतल्या आत दुरुस्तीची सोय असते, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरची चूक ती पकडत नाही. त्यामुळे "डीडीआर५ म्हणजे ईसीसीच की" असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका.

मॅकवाल्यांसाठी विषय छोटा आहे. २०१९ च्या मॅक प्रोला रॅमचे बारा स्लॉट होते. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकमध्ये मेमरी प्रोसेसरच्या शेजारीच पक्की बसवलेली असते, नंतर वाढत नाही. जी घ्यायची ती पहिल्याच दिवशी.

पावसाळ्यात कोल्हापूरच्या दमट हवेत जुन्या स्टिकच्या पिनांवर काळपट थर धरतो आणि मशीन नुसतं बीप करत बसतं. मेकॅनिक खोडरबरानं घासून देतो, मशीन चालूही होतं. मात्र रबर सोन्याचा पातळ मुलामाही खरवडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड बरं.

नवी रॅम बसवली की मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर दुकानात परत न्या. एक चूक म्हणजे "चालतंय की" नव्हे. बिल आणि पाकीट दोन्ही जपून ठेवा, कारण किटमधली एकच स्टिक बिघडली तरी वॉरंटीत बहुधा पूर्ण किट परत मागतात. ते येईपर्यंत लग्नाचं गिऱ्हाईक थांबणार नाही, म्हणून त्याच बोर्डातून काढलेल्या जुन्या स्टिक लगेच विकून टाकू नका.