सार्डिनियाची वाळू येते कुठून?

इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, सिनिस द्वीपकल्पात, इस अरुतास नावाची पुळण आहे. तिथली वाळू मुठीत घेतली की प्रथम जाणवते ती तिची जाडी. दाणे जवळजवळ तांदळाएवढे, गुळगुळीत, काही दुधी, काही फिकट गुलाबी, तर काही हिरवट छटेचे असतात आणि ओले झाले की काचेसारखे अर्धपारदर्शक दिसतात. हे दाणे गारगोटीचे आहेत. ग्रॅनाइट खडकात गारगोटी, फेल्स्पार आणि अभ्रक ही मुख्य खनिजे असतात. ऊन-पाऊस आणि खारी हवा यांनी खडक झिजतो तेव्हा फेल्स्पारची हळूहळू माती होते, अभ्रकाचे पापुद्रे वाहून जातात आणि चिवट गारगोटी तेवढी मागे उरते. समोरच्या समुद्रात माल दी व्हेंत्रे हे ग्रॅनाइटचे बेट आहे आणि इथली गारगोटी त्याच खडकातली. बेटाच्या नावाचा इटालियन अर्थ ‘पोटदुखी’ असा होतो, पण मूळ सार्डिनियन नाव ‘मालू एन्तू’, म्हणजे वाईट वारा, आणि वायव्येकडून सुटणारा मिस्ट्राल वारा अनुभवलेल्या माणसाला ते नाव लगेच पटते.

पूर्व किनाऱ्यावर खडक बदलतो आणि पुळणही बदलते. ओरोसेईच्या आखातातील काला गोलोरित्झे येथे चुनखडीचे उभे कडे आहेत, त्यांतला १४३ मीटर उंचीचा सुळका गिर्यारोहकांच्या परिचयाचा आहे. १९६२ मध्ये कोसळलेल्या दरडीतून ही पुळण तयार झाली. पायाखाली येणारे पांढरे गोटे त्या चुनखडीचेच आहेत आणि पाण्याची फिकट निळाई बरीचशी त्या पांढऱ्या तळामुळे दिसते.

मला मात्र सर्वांत विलक्षण वाटते ती ईशान्येकडील बुदेल्ली बेटावरची गुलाबी पुळण, कारण तिचा रंग सजीवांपासून आलेला आहे. मिनियासिना मिनियासिया हा फोरॅमिनिफेरा गटातील एकपेशीय जीव स्वतःभोवती चुन्याचे लालसर कवच बांधतो आणि पोसिडोनिया या समुद्रतृणाच्या मूलक्षोडांवर, म्हणजे तळाशी आडव्या वाढणाऱ्या खोडांवर, पानांच्या सावलीत, चिकटून राहतो. तो मेल्यावर लाटा कवचाचा चुरा करतात आणि तो चुरा किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूत मिसळतो. म्हणजे गुलाबी रंग टिकायचा असेल तर पाण्याखालचे कुरण टिकायला हवे. बोटींचे नांगर ते कुरण उपटतात आणि पर्यटक वाळू बाटल्यांत भरून नेत असत. त्यामुळे १९९० च्या दशकापासून या पुळणीवर पाऊल ठेवायला बंदी आहे आणि ती दुरूनच पाहावी लागते.

पोसिडोनिया ओशियानिका फक्त भूमध्य समुद्रात आढळते. ते शेवाळ नव्हे. त्याला मुळे, पाने, फुले आणि फळेही असतात, आणि स्वच्छ पाण्यात सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत त्याची कुरणे पसरतात. त्याची मूलक्षोडे वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर सरकतात, त्यामुळे एका नांगराने उकरलेली जागा भरून यायला कित्येक वर्षे लागतात. शरद ऋतूत गळलेली फितीसारखी पाने किनाऱ्यावर तपकिरी ढिगांच्या रूपात साचतात. त्यांच्या तंतूंचे लाटांनी वळून तयार झालेले, नमद्यासारखे (दाबून घट्ट केलेल्या लोकरीसारखे) हलके गोळेही वाळूत सापडतात. अनेक पर्यटकांना हे ढीग घाण वाटतात, पण हिवाळी लाटांचा मारा ते स्वतःवर झेलतात आणि वाळू धरून ठेवतात. यंत्राने ढीग उचलले की त्यांच्यासोबत वाळूही जाते. इथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम वीस-तीस सेंटिमीटरच असतो, कारण जिब्राल्टरची अरुंद सामुद्रधुनी अटलांटिकच्या भरतीला फारशी आत येऊ देत नाही. कोकणात दिवसातून दोनदा उघडा पडणारा रुंद पट्टा त्यामुळे इथे दिसत नाही, आणि पुळणीची घडण मुख्यतः लाटा आणि वारा यांच्याच हाती राहते.

सार्डिनियात २०१७ पासून वाळू, गोटे किंवा शिंपले नेणाऱ्याला ५०० ते ३,००० युरो दंड होऊ शकतो. वायव्य टोकाजवळच्या ला पेलोसा पुळणीवर उन्हाळ्यात दिवसाला १,५०० जणांनाच प्रवेश मिळतो आणि टॉवेलखाली चटई अंथरणे सक्तीचे आहे. ओल्या टॉवेलच्या धाग्यांत बारीक वाळू अडकते आणि तो झटकला जातो तो थेट हॉटेलच्या खोलीत. चटईवर ती तेवढी चिकटत नाही.