छोट्या बोर्डांतलं खुलं हार्डवेअर: मागची गोष्ट

रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा छोटा संगणक 29 फेब्रुवारी 2012 रोजी विक्रीला आला. असा पुरा संगणक एका बोर्डावर बसवायची कल्पना तोवर नवी राहिली नव्हती. अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधल्या जेराल्ड कोली आणि जेसन क्रिडनर यांनी 2008 मध्येच 149 डॉलरचा बीगलबोर्ड आणला होता, तोही आराखड्यांसकट. अर्दुइनो या साध्या कंट्रोलर बोर्डानेही 2005 पासून आराखडे खुले ठेवायचा हाच रस्ता धरला होता, पण त्यावर लिनक्स ही संगणकाची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम चालत नव्हती.

ओपन म्हणजे खुलं हार्डवेअर कशाला म्हणायचं, याची लेखी व्याख्या 2011 मध्ये झाली. आराखडा कुणालाही अभ्यासता, बदलता, बनवता आणि विकता आला पाहिजे. रास्पबेरी पाय या कसोटीला उतरत नाही. सर्किटचा नकाशा अर्धामुर्धा मिळतो, पीसीबीचा म्हणजे छापील बोर्डाचा लेआउट मिळतच नाही, आणि त्यातली ब्रॉडकॉम कंपनीची मुख्य चिप किरकोळ गिऱ्हाइकाला मिळत नसे. 35 डॉलरमध्ये संगणक हातात येतोय म्हटल्यावर बहुतेकांनी तिकडे काणाडोळा केला. शाळकरी मुलांच्या दृष्टीने त्यात काही बिघडलंही नाही.

बीगलबोर्डच्याच घराण्यातला बीगलबोन ब्लॅक एप्रिल 2013 मध्ये 45 डॉलरला आला. त्याच्या चिपचं चार हजारांहून जास्त पानांचं मॅन्युअल कुणीही डाउनलोड करावं, चिप सुटी विकत घ्यावी. माझ्या मते सगळं इथेच ठरतं. चिपच मिळत नसेल तर खुला आराखडा घेऊन करायचं काय? 2015 मध्ये सीड स्टुडिओ या दुसऱ्याच कंपनीने त्यातला स्क्रीन जोडायचा एचडीएमआय काढून, सेन्सरसाठी ग्रोव्ह नावाचे कनेक्टर लावून बीगलबोन ग्रीन बाजारात आणला, तो या मोकळिकीमुळेच.

बल्गेरियातल्या प्लॉवदिव्ह शहरातली ऑलिमेक्स कंपनी आणखी पुढे गेली. 2012 मधल्या तिच्या पहिल्या ओलिनुक्सिनो बोर्डासाठी कडेला पिना असलेली चिप मुद्दाम निवडली होती. हात बसलेला माणूस ती घरीही सोल्डर करू शकतो. पुढे ए64 चिपच्या बोर्डाचा आराखडा तिने किकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये केला, म्हणजे फाइल उघडायलाही पैसे पडू नयेत.

चिपच्या आत मात्र कुणाचंच फारसं चाललं नाही. बीगलबोन ब्लॅकच्या चिपमधल्या पॉवरव्हीआर या ग्राफिक्सच्या भागाचं डिझाइन खुलं नव्हतंच. 2023 मध्ये रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेवरचा बीगलव्ही-अहेड हा बोर्ड आला. त्यातल्या सी910 या प्रोसेसर कोअरचं डिझाइन अलीबाबाच्या टी-हेड या चिप बनवणाऱ्या कंपनीने 2021 मध्येच खुलं केलं होतं. ग्राफिक्स मात्र पुन्हा पॉवरव्हीआरवाल्या इमॅजिनेशन कंपनीचंच.